मिक्सिंगवाल्या काकांचं देणं

कराडला मंडईमागच्या बोळात, एका जिन्याखाली काकांचं दुकान होतं. पाटीवर 'फोटो, शूटिंग, मिक्सिंग' एवढंच. लग्नसराईत ते कुणाला सापडायचे नाहीत आणि पावसाळ्यात दुकानातून हलायचे नाहीत. मी गेले ती भर पावसात, म्हणून निभावलं.

माझ्याकडे आत्याच्या ओव्यांच्या मिनी-डीव्ही कॅसेट होत्या. आत्या जात्यावर बसलेली, भावोजींनी त्यांच्या छोट्या कॅमेऱ्यावर घेतलेली. कॉम्प्युटरवर उतरवायला गेलं की चित्र फुटायचं. एका दुकानात सल्ला मिळाला, कॅसेट गेल्या, पुन्हा शूटिंग करा. आत्याचा आवाज तोवर पार बसला होता. पुन्हा कशाचं करणार?

काकांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. "आधी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघू," म्हणाले. तिथेच फुटत असेल तर दोष टेपचा किंवा हेडचा. तिथे स्वच्छ असेल तर मग वायर, कार्ड, हार्ड डिस्क अशी एकेकाची चौकशी. तिथेही फुटत होतं. "पट्टे मोजा, ताई." चित्रावर आडवे पट्टे होते, एक आड एक, चांगल्या पट्ट्यात आत्याचा हात फिरायचा आणि फुटक्या पट्ट्यात मागचंच चित्र अडकून बसायचं. सहा चांगले, सहा फुटके.

मग त्यांनी सांगितलं ते मी आजवर विसरलेले नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एक चित्र टेपवर १२ तिरक्या रेघांत लिहिलेलं असतं. कॅमेऱ्यातला ड्रम मिनिटाला ९००० फेरे घेतो, त्याच्यावरची दोन हेड आळीपाळीने एकेक रेघ वाचतात. एकावर धूळ बसली की निम्मं चित्र गेलं. खात्री करायला तीच कॅसेट त्यांनी स्वतःच्या मोठ्या कॅमेऱ्यात घातली. चित्र काचेसारखं! म्हणजे कॅसेट शाबूत होती, आजारी होता तो आमचा कॅमेरा. कोरडी क्लीनिंग कॅसेट त्यांनी काही सेकंदच फिरवली. ती हेडला घासते, जास्त फिरवली तर हेडच झिजतं. पट्टे गेले.

एका कॅसेटचं मात्र उलटं झालं. त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यात नुसते चौकोन, आमच्या साफ केलेल्या कॅमेऱ्यात व्यवस्थित. भावोजींनी टेप पुरवायची म्हणून ती एलपीवर घेतली होती. एलपीमध्ये रेघा आणखी अरुंद होतात आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचं हेड त्यांच्यावर नेमकं बसेलच असं नाही. "भावोजींना सांगा, कॅमेरा विकू नका," काका म्हणाले. भावोजी विकायच्याच बेतात होते.

पुढचं भराभर झालं. यूएसबीच्या वायरीतून आमचा कॅमेरा बारकं, पुसट चित्र पाठवायचा. फायरवायरने टेपवरचा मजकूर जसाच्या तसा उतरतो. त्यासाठी कार्ड लागतं, ते त्यांनी स्वतःच्या जुन्या मशीनमधून काढून मला दिलं. अनामत नाही, चिठ्ठी नाही. तासाभराच्या टेपला साधारण १३ जीबी जागा लागते हेही त्यांच्याकडूनच कळलं; आणि माझी फाइल वीसेक मिनिटांनी का थांबते तेही. डिस्क फॅट३२ होती, तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही.

घरी सगळं उतरलं तरी एक खोट राहिलीच. भिंत, सूप, आत्याचा चेहरा स्वच्छ. पण जातं फिरवणाऱ्या हाताच्या कडेला फणीसारखे दात. मी पुन्हा बोळात हजर. काका हसले. हा बिघाडच नव्हे, म्हणाले. कॅमेरा सेकंदाला २५ पूर्ण चित्रं घेत नाही, ५० अर्धी घेतो. एकदा विषम ओळी, एकदा सम. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा, कॉम्प्युटर दोन्ही एकत्र मांडतो. तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो, भिंत सरकत नाही. मूळ फाइल तशीच ठेवायची, दात काढायचे ते प्रतीतून.

पैसे विचारले तर क्लीनिंग कॅसेटचे म्हणून काहीतरी किरकोळ घेतले. आत्याच्या ओव्या मात्र त्यांनी दुकानात बसून पूर्ण ऐकल्या, आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून.

आमचं बिनसलं ते एकाच गोष्टीवरून. काका लग्नाच्या कॅसेटवर गुलाबाच्या पाकळ्या उधळणारे गृहस्थ. ओव्यांखाली बासरी घालू, फार गोड लागेल, असा त्यांचा हट्ट. जात्याच्या घरघरीवर बासरी? मी साफ नाही म्हटलं. ते खट्टू झाले, वाद घातला नाही. नंतर कळलं, त्यांनी बासरीची एक डीव्हीडी गुपचूप केली होती आणि भावोजींच्या हाती परस्पर आत्याकडे धाडली होती. आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला तीच लावून दाखवते.