दोन सेंटिमीटरचा गँगमन

मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्यासारख्या घरात एक प्रश्न उभा राहतो. मामाच्या गावी पाठवून आठ-दहा दिवस निघतात, पण उरलेल्या सुट्टीचे काय करायचे? मॉलमध्ये न्यावे तर आत पाऊल टाकण्याआधीच खिसा घाबरतो. बागेत न्यावे तर मुले म्हणतात, हे पाहिले आहे. यंदा आमच्या नववीतल्या मुलीने आणि पाचवीतल्या मुलाने आपसात ठरवून आम्हाला फक्त निकाल कळवला. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, ते पाहायचे. आणि आजोबांना बरोबर न्यायचेच.

आजोबा म्हणजे आमचे बाबा. रेल्वेत गँगमन म्हणून लागले, पुढे की-मन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. ते काही केल्या तयार होईनात. "अख्खा जलम रुळावर गेला. आता खेळातली गाडी बघाया पैसं देऊन जायाचं व्हय?" असा त्यांचा रोकडा सवाल. आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. पण नातवाने हट्ट धरला की हा माणूस विरघळतो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. सौ.ने चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली आणि आम्ही पाचजण कल्याणहून सकाळच्या इंद्रायणीने निघालो.

कर्जतला मुलांना वडा हवाच होता, तो झाला. गाडी घाट चढू लागली आणि बोगदे मोजण्याची शर्यत सुरू झाली. हा भोर घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. चढ एवढा उभा की ३७ फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. म्हणूनच घाट चढताना गाड्यांना मागून रेटणारी जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या कंत्राटदाराने घाटाच्या कामाचा ठेका घेतला होता. तो १८५९ मध्ये इथे येताच आजारी पडून वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, ते कंत्राट पुरे करून दाखवले. बाईच्या कर्तृत्वाला दाद द्यायलाच हवी. पण काम ऐन जोरात असताना या डोंगरात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने आणि सुरुंगाने त्यांतले हजारो मेले. कंत्राटदाराचे नाव पुस्तकात सापडते, त्याच्या बायकोचेही सापडते. मजुरांतले एक नाव विचाराल तर आम्हाला सांगता येणार नाही.

बाबा खिडकीशी गप्प बसले होते. एका वळणावर गाडी हळू झाली. रुळाच्या कडेला नारिंगी जाकिटे घातलेली आठ-दहा माणसे पहारी टेकून गाडी जाण्याची वाट पाहत उभी होती. बाबांनी खिडकीतून हात वर केला. त्यांतल्या एकानेही केला. डब्यातल्या बाकी कोणी बाहेर पाहिले नाही.

कोथरूडचे संग्रहालय बाहेरून पाहून मोठे काही वाटत नाही. आमच्या सौ.ला तर पत्ता चुकला असेच वाटले. भाऊ जोशी या गृहस्थांनी छंद म्हणून जे काम सुरू केले, ते वाढत वाढत एक अख्खे शहर झाले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. आत प्रेक्षकांना बसवून खेळ दाखवतात आणि सोबत ध्वनिफितीवर माहिती सांगतात. दिवे मंदावतात, एकेक गाडी निघते. धूर सोडणारे वाफेचे इंजिन, डिझेलची गाडी, वेगवान आगगाडी, डोंगरावर चढणारी रेल्वे, वरून टांगलेली रेल्वे. खाली रस्त्यावर मोटारी, एका बाजूला सर्कस, पोहण्याचा तलाव, रोपवे. मग शहरात रात्र होते आणि घराघरांत दिवे लागतात. त्या क्षणी आमच्या मुलाच्या तोंडून जो उद्गार निघाला, त्यातच आमचे तिकिटाचे पैसे वसूल झाले. खोटे कशाला सांगा, आम्हीही त्याच्याएवढेच झालो होतो.

सगळे वेळेवर. सिग्नल पडला की गाडी थांबते, उठला की निघते. कोठे गर्दी नाही, दरवाजाला लटकलेला माणूस नाही. रोज कल्याणहून ऑफिस गाठणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला अशा शहरात राहायला फार आवडेल.

खेळ संपला, दिवे लागले. लोक उठून काचेजवळ जाऊन पाहू लागले. मुलगी बराच वेळ रुळांकडे वाकून पाहत होती. तिने विचारले, "पप्पा, यात आजोबा कुठे आहेत?"

प्रश्न आम्हाला क्षणभर कळला नाही. मग कळला. फलाटावर माणसे होती, मोटारीत होती, सर्कशीत होती. रुळावर हातोडा घेऊन चालणारा माणूस काही दिसेना. असेलही एखाद्या कोपऱ्यात, एवढ्या मोठ्या मांडणीत नजरेतून सुटला असेल. परदेशात या मापाच्या बाहुल्या बनवणारे कारखाने रूळ दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्याही बाहुल्या बनवतात. तेव्हा संग्रहालयाला बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने आपल्या हौसेने, आपल्या खर्चाने एवढे उभे केले, त्याला नमस्कारच केला पाहिजे. आणि खेळातल्या रुळाला की-मन लागतोच कशाला? तिथे पाऊस पडत नाही, खडी सरकत नाही, ऊन-थंडी नाही.

पण प्रश्न बाबांनी ऐकला होता. त्यांनी नातीला कठड्याशी घेतले आणि ते बोलू लागले. घरात ज्या माणसाने नोकरीतली हकीकत कधी दोन वाक्यांच्या वर सांगितली नाही, तो माणूस तिथे उभा राहून अर्धा तास बोलला.

"ह्यो जोड दिसतोय का? हितं दोन रूळ भेटतात. दोघांच्या मधी फट ठेवावी लागती. उन्हाळ्यात लोखंड वाढतं, हिवाळ्यात आवळतं. फट न्हाई ठेवली तर रूळ सापावानी वाकडा हुतो." मुलीने विज्ञानाच्या पुस्तकातले प्रसरण आठवून वहीवर हिशोब मांडला. तेरा मीटरचा रूळ चाळीस अंशांच्या फरकाने साधारण सहा मिलिमीटर वाढतो. बाबांना मिलिमीटरशी कर्तव्य नव्हते. त्यांनी बोटाची जाडी दाखवली आणि ती जवळपास बरोबर निघाली.

मग त्यांनी गुडघे दुखत असतानाही खाली वाकून, एक डोळा मिटून, त्या चिमुकल्या रुळाच्या रेषेत पाहिले. "रूळ बसलाय का उठलाय, ते उभ्यानं कळत न्हाई. असं वाकावं लागतं." शेजारी उभे असलेले दोन अनोळखी पालकही आपल्या मुलांना घेऊन ऐकू लागले होते.

आणि मग ती रात्र. आम्ही तेव्हा शाळेत होतो. एवढेच आठवते की बाबा सकाळी उशिरा आले आणि चहा न घेता झोपले. त्या थंडीच्या रात्री गस्तीवर असताना त्यांना रूळ तडकलेला दिसला होता. गाडीची वेळ झालेली. त्यांनी लाल दिवा घेतला आणि गाडी येणार त्या दिशेने पळत सुटले. नियम असा की सहाशे मीटरवर रुळाला एक फटाका बांधायचा आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाक त्यावरून गेले की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी रोखतो. बाबांनी ते सारे केले आणि गाडी थांबली.

"मग, आजोबा? लोक काय म्हणाले?" नातवाने विचारले.

"काय म्हंतील? झोपल्याली हुती."

आमची सौ. लग्नाला सोळा वर्षे झाल्यावर ही गोष्ट प्रथमच ऐकत होती. आम्हीसुद्धा.

आमच्या वाचकांना मनमाडची आठवण वेगळी करून द्यायला नको. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्या भाषणातले सूत्र आपण दरवर्षी व्यासपीठावरून ऐकतो. पण त्याच भाषणात बाबासाहेब गँगमनबद्दलही बोलले होते, ते फारसे सांगितले जात नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला वरची जागा दिसत नाही, हे त्यांनी मांडले. साधे पोर्टरचे कामही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरचे काम करून घेतो आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे! रुळावर चालेल, उंबऱ्यात चालत नाही. आमचे आजोबाही गँगमन होते. बाबा त्यांच्या मागून लागले. आम्ही रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. केले आणि खुर्चीवर बसलो, ते या दोघांच्या पायांवर. गँगमन हे नावही आता कागदोपत्री राहिले नाही, ट्रॅक मेंटेनर म्हणतात. हातोडा तोच आहे.

परतीच्या गाडीत मुलगी वहीत आकडे मांडत बसली. असल्या खेळगाड्यांत जगभर सर्वांत जास्त चालणारे माप एकास सत्त्याऐंशी आहे. जर्मनीत हॅम्बुर्गला २००१ साली सुरू झालेले जे प्रचंड प्रदर्शन आहे, तेही याच मापाचे. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी या मापात सेकंदाला जेमतेम एक फूट सरकते. बाबांची सहा किलोमीटरची बीट ६९ मीटर भरते. फटाक्यांसाठी पळालेले बाराशे मीटर म्हणजे चौदा मीटरही नाहीत, आमच्या चाळीच्या गॅलरीएवढे. आणि साडेपाच फुटांचे आमचे बाबा दोन सेंटिमीटरहून थोडे कमीच.

"एवढासा?" म्हणत बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

वाचकहो, एक गोष्ट स्पष्टच लिहितो. छंद म्हणजे पैसेवाल्यांचे काम, अशी एक समजूत आपल्या वस्त्यांत आहे. मूल पुठ्ठा कापत बसले की आपण म्हणतो, अभ्यास कर. अभ्यास हवाच, त्यावाचून आपली गाडी सुटलीच नसती. पण परदेशी बनावटीचे एक लहान इंजिन घ्यायला आमचा महिन्याचा किराणा जाईल म्हणून मुलाने रेल्वे करूच नये का? आमच्या मुलाने दुसऱ्याच दिवशी बुटांच्या खोक्यांचे डबे केले, जळलेल्या काड्यांचे स्लीपर केले आणि उदबत्तीच्या काड्यांचे रूळ चिकटवले. अभ्यासिकेतली तिघे-चौघे मुलेही येऊन बसू लागली आहेत. मापाचा प्रश्न आला की त्रैराशिक आपोआप होते. गणिताच्या शिकवणीला आम्ही वेगळे पैसे मोजतोच की.

ज्यांना जायचे असेल त्यांनी खेळाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्यावे. पुणे स्टेशनहून कोथरूडला बस मिळते.

मुलाने काडेपेटीच्या काडीचा एक माणूस केला आहे, दोन सेंटिमीटरचा. हातात टाचणी, तो हातोडा. नारिंगी जाकिटाला चॉकलेटचा कागद. बाबा रोज संध्याकाळी त्या पुठ्ठ्याजवळ मोडा घेऊन बसतात. काल त्यांनी चष्मा पुसला, वाकून एक डोळा मिटला आणि नातवाला म्हणाले, "डाव्या अंगाचा रूळ बसलाय. काड तिथली खडी, परत मारू."