पट्टी बांधणाऱ्याची परीक्षा

अमेरिकेतल्या विद्यापीठांत ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या विद्यार्थ्यांच्या बंधुसंघात शिरू पाहणाऱ्या नव्या मुलाला ‘प्लेज’ म्हणतात. काही आठवडे त्याची उमेदवारी चालते. जुने सदस्य सांगतील ती कामं तो करतो, रात्री-अपरात्री हाक आली की धावतो, डोळ्यांवर पट्टी बांधली तरी ‘का’ म्हणून विचारत नाही. मुलींच्या सोरॉरिटीतही छळ होतो. तिथे कित्येकदा दिसण्यावरून, अंगकाठीवरून अपमान वाट्याला येतो. समर्थन मात्र सगळीकडे एकच: एकत्र सोसलं की एकमेकांवर विश्वास बसतो.

हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. एलियट अ‍ॅरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चर्चागटात घेण्याआधी काहीजणींना प्रयोग घेणाऱ्या पुरुषासमोर अश्लील शब्द मोठ्यानं वाचायला लावले, काहीजणींना सौम्य शब्द दिले, बाकीच्यांना काहीच नाही. मग सगळ्यांना त्या गटाची म्हणून एकच, मुद्दाम रटाळ केलेली चर्चा ऐकवली. ज्यांना सर्वांत जास्त लाज गिळावी लागली होती, त्यांनाच ती जास्त आवडली. एवढं सोसून जे मिळवलं ते टाकाऊ आहे, हे मन कबूल करत नाही. छळातून गटाची ओढ लागते ती अशी. पण वेळ आल्यावर हे लोक आपल्याला सांभाळतील का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. पट्टी बांधून घेणारा आपला जीव दुसऱ्याच्या हाती देतो. पट्टी बांधणाऱ्याची परीक्षा कुणीच घेत नाही.

ती होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात १९ वर्षांच्या टिमथी पिआझाला घाईघाईनं दारू पाजली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. घरभर कॅमेरे होते, म्हणून पुढचं सगळं जगाला दिसलं. सुमारे बारा तास कुणी रुग्णवाहिका बोलावली नाही. एका नवख्या सदस्यानं ‘मदत बोलवा’ असा आग्रह धरला, तर त्यालाच भिंतीवर ढकललं गेलं. दोन दिवसांनी टिमथी गेला. माझं मन त्या भिंतीपाशीच अडतं. त्या घरात भावासारखा वागला तो एक नवखा मुलगा. जुन्यांना संस्थेच्या अब्रूची आणि स्वतःच्या सुटकेची काळजी होती.

असा छळ आपल्याकडेही होतो; रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. पण रॅगिंग करणारा ‘मी तुझा भाऊ’ अशी शपथ घेत नाही. फ्रॅटर्निटीत नव्याला रीतसर ‘मोठा भाऊ’ नेमून देतात. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात २०२१ मध्ये अशाच नेमणुकीच्या रात्री दारूची अख्खी बाटली संपवण्याची प्रथा पाळल्यामुळे एका विद्यार्थ्याचा जीव गेला. ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा ठेवायचा, त्याच्याच हातून विष यावं, हे मला मारहाणीपेक्षा क्रूर वाटतं.

सिग्मा अल्फा एप्सिलॉन या फ्रॅटर्निटीनं २०१४ मध्ये उमेदवारीचा काळच रद्द केला. इतरांनीही तेच करावं, असं मला ठामपणे वाटतं. पिआझाच्या नावानं २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात झालेल्या कायद्यात कठोर शिक्षा आहेत, आणि संकटात सापडलेल्यासाठी मदत मागणाऱ्याला संरक्षणही आहे. ज्यांनी एकमेकांना भाऊ म्हटलं, त्यांना एक फोन करण्यासाठी सरकारनं अभय द्यावं लागलं.