नांगर विकणारा माणूस

लक्ष्मणराव किर्लोस्करांना काही रंग नीट ओळखता येत नसत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेलेल्या मुलाचं हे वैगुण्य उघडं पडलं, तेव्हा ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. तिथे काळी शाई पुरते. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याला, एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. तिथे भावाबरोबरचं सायकलींचं दुकान होतंच.

चरित्रकार या सगळ्यात नियतीचा हात बघतात. मला दिसतो तो एका वाटेला दार लागलं की शेजारची वाट धरणारा माणूस. तक्रार करत बसायला त्याला वेळ नसावा.

*

ते संशोधक होते का? काटेकोर बोलायचं तर त्यांनी बनवलेलं कडबा कापायचं यंत्र त्यांच्या आधीही होतं. लोखंडी नांगर तर विलायतेत कधीचे बनत होते, इकडे येतही होते. लक्ष्मणरावांनी १९०३च्या सुमारास तो बेळगावात, आपल्या भट्टीत, इथल्या बैलांना आणि इथल्या मातीला झेपेल असा करायला घेतला. पेटंटच्या कचेरीत याला किती किंमत मिळाली असती कोण जाणे. पण पहिली कल्पना ज्याची तोच शोधक, हा हिशेब मला नेहमी अपुरा वाटतो.

*

‘लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष लागतं’ असं शेतकरी म्हणत, आणि म्हणून पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं लागली, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. भाषणांत ती हमखास येते आणि सभागृह हसतं.

मला ती पटत नाही. म्हणजे शेतकरी असं म्हणाले नसतील असं नाही; पण कारण तेवढंच नसावं. लाकडी नांगरालाही फाळ लोखंडाचाच असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या मातीत जातो आहे, त्याचं विष कुणाला लागलं नाही. मग खरी अडचण कुठे असेल? एक तर किंमत: लाकडी नांगर बाभळीचा, गावच्या सुताराने केलेला, आणि सुताराला बलुतं सुगीला धान्यात. लोखंडी नांगराला रोख मोजावी लागणार. दुसरं, ओढ जास्त. दोन बैलांचं काम चारांवर गेलं, तर उरलेले दोन कुणाकडून आणायचे? तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते. रुमणं मोडलं तर सुतार आहे, फाळ बोथटला तर लोहार आहे. ओतीव बीड तडकलं तर गावात ते सांधणारा कोण? पेरणी तोंडावर आली असताना बेळगावला माणूस पाठवायचा का?

हे सगळं कारखानदारासमोर उभं राहून कोण सांगणार? ‘विष लागतं’ म्हटलं की विषय संपतो. नकार द्यायची ती सभ्य रीत असणार.

मग पुढे तोच नांगर खपला कसा? काळ्या रानातली हरळी आणि कुंदा लाकडी नांगराला दाद देत नाहीत. तो माती फाडतो, पालटत नाही. लोखंडी नांगर खोल जाऊन ढेकूळ उलटं करतो, मुळ्या उन्हात पडतात. शेजारच्या रानातली हरळी गेलेली डोळ्यांनी दिसली की व्याख्यानाची गरज उरत नाही.

*

पहिल्या फाळांची टोकं लवकर झिजत, ही तक्रार मात्र खरी होती. साधं बीड दगडगोट्यांत टिकत नाही. उपाय ओतकामातच आहे: साच्यात टोकाच्या जागी लोखंडाचा तुकडा बसवायचा. वितळलेला रस त्याला टेकताच झटकन निवतो, आणि तेवढाच भाग काचेसारखा टणक होतो. बाकीचा फाळ सावकाश निवतो, म्हणून तितका ठिसूळ होत नाही. वाचायला चार ओळी. भट्टीपुढे उभं राहून हे जमवायचं म्हणजे किती ओत भंगारात गेले असतील!

धाडस म्हणतात ते मला इथे दिसतं. विकलेला माल नापास झाला हे कबूल करून पुन्हा त्याच गिऱ्हाइकाच्या दारात जायचं.

*

त्याच काळातले शंकर आबाजी भिसे. मुंबईचा माणूस, लक्ष्मणरावांहून दोन वर्षांनी मोठा. बुद्धी अचाट, छापखान्याचे खिळे ओतणारं त्यांचं यंत्र जगातल्या बड्या कंपन्यांशी टक्कर घेऊ पाहणारं. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी त्यांच्या पाठीशी, नंतर टाटांचा पैसा. तरी यंत्राचा धंदा उभा राहिला नाही. भिसे अमेरिकेला गेले, १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले.

शोधक म्हणून भिसे मोठे, यात मला शंका नाही. पण त्यांचं गिऱ्हाईक समुद्रापलीकडे, भांडवल दुसऱ्याच्या मर्जीवर. लक्ष्मणरावांचं गिऱ्हाईक बैलगाडीच्या टप्प्यात होतं, आणि शिव्याही मराठी-कानडीत घालायचं. ‘भारताचे एडिसन’ ही पदवी देऊन आपण भिशांचा प्रश्न मिटवला, याचा राग येतो.

*

बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला, शिवाय दहा हजारांचं कर्ज. निवडुंग, साप, पाण्याची बोंब. साल १९१०. गादीवर येऊन राजाला वर्षही धड झालं नव्हतं, संस्थान चिमुकलं. उद्योजकाच्या धाडसावर पुस्तकं निघतात. धनकोच्या धाडसावर कुणी लिहीत नाही.

*

त्या माळावर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली होती. उदारपणा म्हणून हे सांगतात. व्यवहारही होताच: चोरवाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक?

*

१९२० साली कंपनी मर्यादित झाली. त्याच वर्षी पुतण्या शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून. त्याचं मासिक झालं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात आले. १९३० साली ‘स्त्री’ निघालं. ज्या घरांत नांगर कधी शिरला नाही, शिरायचं कारणही नव्हतं, तिथे किर्लोस्कर हे नाव पोस्टमनने पोचवलं. कारखान्याचं हे उत्पादन कुठल्याच आराखड्यात नसावं.