ॲल्युमिनियमचेही वाण असतात



बियाण्याच्या दुकानात जाऊन नुसते ‘ज्वारी द्या’ असे आपण कधी म्हणत नाही. हंगाम कोणता, जमीन भारी की हलकी, हे पाहून वाण मागतो. पण आंबे उतरवायला शिडी करून घ्यायची झाली, की ‘ॲल्युमिनियमची करा’ एवढेच सांगून घरी येतो. घोटाळा तिथेच होतो.

शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ असते. त्यात दुसरा धातू थोडा मिसळला, की त्याचा स्वभाव बदलतो. या मिश्रधातूंना नंबर दिलेले आहेत. मँगनीज घातलेले ३००३ भांड्यांना व पत्र्याला चांगले. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलेले ६०६३ सुबक निघते. दारे-खिडक्यांच्या पट्ट्या बहुधा त्याच्याच. त्याच घराण्यातले ६०६१ अधिक बळकट. माणसाचे वजन पेलायला ते घ्यावे. सुमारे ४ टक्के तांबे असलेले २०२४ विमानाला वापरतात. ते आणखी दणकट, पण दमट हवेत लवकर खराब होते. भारी किमतीचा वाण आपल्या रानाला मानवेलच असे नाही, तसेच हे.

बांधाबांधावर फिरताना मी एक प्रकार पाहिला. एका बागायतदाराने खिडक्यांच्या उरलेल्या पट्ट्या वेल्डिंग करून शिडी बनवून घेतली. दिसायला देखणी, उचलायला हलकी. ऐन हंगामात ती पायरीच्या सांध्यापाशी वाकली आणि वर उभ्या असलेल्या गड्याचे मनगट मोडले. हातावर पोट असलेल्या माणसाचा सारा हंगाम बुडाला. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!

याचे कारण समजून घ्या. ६०६१ व ६०६३ यांना कारखान्यात तापवून, एकदम थंड करून, पुन्हा मंद आचेवर मुरवून बळ आणलेले असते. वेल्डिंगच्या आचेने सांध्याशेजारचे ते बळ बरेच उतरते. टाका मजबूत दिसतो, पण शेजारची पट्टी मऊ पडलेली असते. म्हणून पायऱ्या रिव्हेटने किंवा दाबून बसवलेली शिडी घ्यावी.

ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके, पण तेवढ्याच जाडीत सुमारे तिप्पट लवते. तेव्हा नळी अंगाने मोठी व जाड हवी. नंबर मात्र बिलावर लिहून घ्या. ‘६०६१-टी६’ यातला टी६ म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे मुरवलेला माल.

आंबट ताक ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नये, हे आमच्या भगिनींना ठाऊक आहेच. मोरचूद त्याहून वाईट. त्याने या धातूला खड्डे पडतात. बोर्डो मिश्रण अशा भांड्यात कालवू नका आणि फवारणीनंतर शिडी धुऊन ठेवा.

शेवटचे, पण जिवाचे. शिवारावरून जाणाऱ्या विजेच्या ताराही ॲल्युमिनियमच्याच असतात, इतकी वीज या धातूतून सहज वाहते. तारांजवळच्या झाडाला कोणत्याही नंबरची ॲल्युमिनियमची शिडी लावू नका. तिथली फळे उतरवायची तर आधी वीज कंपनीच्या माणसाला बोलवा आणि लाईन बंद करून घ्या.

भाव दुकानदार सांगेलच, नंबर तुम्ही विचारा. त्या शिडीवर आपलेच माणूस चढणार आहे.