बलिष्ठ कॅट कोणता?

'हार्थस्टोन' या संगणकावरील पत्त्यांच्या खेळात प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या तीस पानांचा कॅट अगोदर जुळवावयाचा असतो. त्यांत बलिष्ठ कोणता, याची क्रमवारी आमचा भाचा पंचांगासारखी पाहत असे. मला त्या क्रमवारीची कीव येते. एखादा कॅट पहिला ठरला रे ठरला, की निम्मे खेळाडू तो उचलतात आणि उरलेले त्याच्यावर मात करणारी पाने जमवितात. यादी निघते ती जणू खोटी ठरण्यासाठीच! २०१५ च्या ऑक्टोबरात तर खेळाच्या कर्त्यांनीच 'वॉरसाँग कमांडर' हे एक पान दुबळे केले आणि 'ग्रिम पेट्रन'चा दरारा असलेला कॅट कोसळला. महिनोन्महिने खपून तो जमविलेला भाचा दोन दिवस मुकाट जेवला. तिसऱ्या दिवशी ताटावरूनच ओरडला, "मामा, नवा पहिला निघाला!"