निळ्या रंगाची साक्ष



शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक छोटीशी ग्रीक पोथी आहे. तळहातावर मावेल एवढी: साडेअकरा सेंटिमीटर लांब, साडेआठ सेंटिमीटर रुंद. जनावराच्या कातड्यापासून केलेल्या चर्मपत्राची ४४ पाने, त्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेले मार्कचे शुभवर्तमान (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एक) आणि मधूनमधून रंगीत चित्रे. अथेन्समधील एका पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या संग्रहात सापडलेली ही पोथी १९३७ साली विद्यापीठाकडे आली. ती तेराव्या-चौदाव्या शतकातली, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातली असावी, असे तेव्हा मानले गेले.

आम्ही पेशाने रसायनशास्त्राचे. ग्रीक भाषेशी आमचा संबंध प्रयोगशाळेतल्या अल्फा, बीटा, गॅमापुरताच! तरीही या पोथीची कथा आपल्या वाचकांना सांगावीशी वाटते, कारण ती आपल्याही घरातल्या पोथ्यांची कथा आहे.

या पोथीचे विद्वानांना एवढे कौतुक का? रोममध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात चौथ्या शतकातले बायबलचे एक हस्तलिखित आहे. या छोट्या पोथीतला पाठ त्याच्याशी विलक्षण जुळत होता. मधल्या हजार वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बदलत गेले असताना या एका पोथीत जुना पाठ जसाच्या तसा कसा राहिला? म्हणून तिचे नाव पडले ‘आर्केइक मार्क’, म्हणजे ‘प्राचीन मार्क’. ग्रीक बायबलची जी चिकित्सक आवृत्ती जगभर अभ्यासासाठी वापरतात, तिच्या १९९३ च्या छपाईत मार्कच्या पाठासाठी या पोथीला नेहमीच्या साक्षीदारांत स्थान होते.

शंका घेणारेही होतेच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मेरी व्हर्जिनिया ओर्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रांतल्या रंगाचे सूक्ष्म कण तपासले. ओर्नाबाई रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका आणि त्याचबरोबर ख्रिस्ती संन्यासिनी. आपल्याच धर्मग्रंथाची पोथी त्यांनी निःशंकपणे यंत्राखाली धरली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

तपासणीचे तत्त्व सोपे आहे. रेणूतला प्रत्येक बंध आपल्या ठरावीक लयीत कंप पावतो आणि अवरक्त किरणांपैकी तेवढाच भाग शोषतो. दाराबाहेरचा माणूस आवाजावरून ओळखावा, तसा पदार्थ या लयीवरून ओळखता येतो. निळ्या रंगात कार्बन-नायट्रोजनच्या जोडीचा, म्हणजे सायनाइडचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मध्ययुगातले चित्रकार निळ्यासाठी अफगाणिस्तानातला राजावर्त मणी किंवा तांब्याचे एक खनिज कुटून वापरीत. त्यांत सायनाइड नसते. ते असते ‘प्रशियन ब्लू’ या रंगात, आणि तो बर्लिनमध्ये प्रथम तयार झाला १७०६ च्या सुमारास!

मग निकाल लागला का? नाही. चित्रे फिकट झाल्यावर कोणी नंतर रंग भरला असेल, असे म्हणायला जागा होतीच, आणि तो आक्षेप रास्त होता. एका कणावरून संपूर्ण पोथीचा न्याय करता येत नाही.

पुढची साक्ष आली अक्षरांतून. २००६ साली स्टीफन कार्लसन यांनी दाखवून दिले, की हा पाठ व्हॅटिकनच्या पोथीपेक्षाही १८६० साली फिलिप बुटमान यांनी छापलेल्या ग्रीक पुस्तकाशी अधिक जुळतो. बुटमान यांचे पुस्तक व्हॅटिकनच्या पाठावर आधारलेले होते, पण जिथे जिथे ते मूळ पाठापासून ढळले आहे, तिथे जवळजवळ सर्वत्र ही ‘प्राचीन’ पोथीही ढळली आहे. काही ठिकाणी गळालेला मजकूर तर त्या छापील पुस्तकातल्या एका ओळीएवढाच! शाळेत शेजारच्याची उत्तरे उतरवणारा मुलगा बरोबर उत्तरांवरून पकडला जात नाही, चुकांवरून पकडला जातो. तसेच हे झाले.

मग विद्यापीठाच्याच प्राध्यापिका मार्गारेट मिचेल यांनी सूक्ष्मदर्शक तपासणीतले तज्ज्ञ जोसेफ बाराबे आणि हस्तलिखितांच्या जतनातल्या तज्ज्ञ अबिगेल क्वांट यांना बरोबर घेतले. पोथीच्या निरनिराळ्या भागांतले नमुने तपासले गेले. चर्मपत्र खरोखर जुने निघाले, साधारण सोळाव्या शतकाच्या आसपासचे. पण रंगांत लिथोपोन सापडले. जस्त आणि बेरियम यांच्या संयुगांचा हा पांढरा रंग १८७४ च्या आधी मिळतच नव्हता. नंतर कोणी डागडुजी केल्याची खूणही दिसली नाही. मुळातले रंगच आधुनिक होते. २००९ साली विद्यापीठाने जाहीर केले, की ही पोथी बनावट असून १८७४ नंतर आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांच्या आत तयार झाली आहे.

इथे आम्हांला विद्यापीठाचे कौतुक वाटते. सत्तर वर्षे मिरवलेली वस्तू खोटी ठरली, तर ती कपाटात मागे सारणे किती सोपे! यांनी स्वतःच पुढाकार घेऊन तपासले आणि निष्कर्ष छापला. यात मार्कच्या शुभवर्तमानाचे काही बिघडले का? मुळीच नाही. उलट एक खोटा साक्षीदार उठून गेला.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी अनेक प्रती ताडून पाहून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. नाथांची श्रद्धा काही कमी होती का? श्रद्धा होती म्हणूनच त्यांना अशुद्ध पाठ सोसवला नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. यंदा गणेशोत्सवात आपल्या मंडळाने जुन्या पोथ्यांचे छोटे प्रदर्शन भरवले. एका काकूंनी घरची ज्ञानेश्वरी आणली आणि म्हणाल्या, “सातशे वर्षांची आहे, शेवटी शके १२१२ लिहिलंय.” त्यांचा इथेच वाढलेला नातू शेजारी उभा होता. त्याने इंग्रजीत विचारले, “हे तुला कशावरून ठरवता आलं?” प्रश्न उद्धट नव्हता, कुतूहलाचा होता.

शके १२१२ हे ज्ञानेश्वरी रचल्याचे वर्ष, आणि ते प्रत्येक नकलेत उतरते. आम्ही सगळ्यांनी मिळून शेवटचे पान नीट वाचले. खाली लहान अक्षरांत नकल करणाऱ्याची नोंद होती: शके १७४५, म्हणजे १८२३ साल, गावाचे नाव आणि लिहिणाऱ्याचे नाव. आडनाव काकूंच्या सासरचेच! काकू क्षणभर हिरमुसल्या. मग नातवाला म्हणाल्या, “अरे, हे आपल्याच घरातल्या कोणीतरी हातानं लिहिलंय.” त्या मुलाने ते नाव तीनदा मोठ्याने वाचले. सातशे वर्षांच्या थोरवीत त्याच्या ओळखीचे कोणीच नव्हते. दोनशे वर्षांच्या खऱ्या नोंदीत त्याला एक पूर्वज भेटला.

आपली मुले इथल्या शाळांत ‘कशावरून?’ असे विचारायला शिकतात, आणि तसेच हवे. आपण फुगवून सांगितलेला आकडा उद्या कॉलेजात कोसळला, तर मुले आकड्याबरोबर पोथीही टाकून देतील. ही भीती आम्हांला वाळवीपेक्षा मोठी वाटते.

तेव्हा ज्यांच्या घरी पोथ्या आहेत त्यांच्यासाठी काही सूचना:

शेवटचे पान आधी पाहावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. मात्र तो ग्रंथ रचल्याचा शक आहे की नकल केल्याचा, हे तपासावे. नकल करणारे कधी आधीच्या प्रतीतला शकही उतरवीत, हेही ध्यानात ठेवावे.

एकोणिसाव्या शतकातल्या शिळाछापाच्या पोथ्या हस्तलिखितासारख्याच दिसतात. भिंग घेऊन पाहावे.

पाने प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये. पोथी बेसमेंटच्या ओलीत किंवा ॲटिकच्या उष्णतेत ठेवू नये. आम्लविरहित पुठ्ठ्याची पेटी आणि धुतलेले सुती कापड पुरेसे आहे.

चुकलेल्या अक्षरावर पिवळा लेप दिसला तर तो हरताळ असू शकतो. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग, अर्थात विष. बोटाला थुंकी लावून पान उलटू नये, हात धुवावेत, लहान मुलांच्या हाती पोथी एकटी देऊ नये.

आणि पोथीबद्दल जे ठाऊक आहे ते एका कागदावर मराठीत व इंग्रजीत लिहून पेटीत ठेवावे. कोणाकडून आली, कोणत्या गावची, कोण वाचत असे. ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणूनच लिहावी.

शेवटच्या पानावरची मोडी किंवा बाळबोध नोंद लागत नसेल, तर पुढच्या सभेला फोटो घेऊन या. मोडी वाचणारी दोन-तीन ज्येष्ठ मंडळी आपल्यात आहेत. मुलांनाही बरोबर आणा. प्रश्न तेच विचारतील!