अर्थ

'अर्थ' या शब्दाशी माझी ओळख दोनदा झाली. एकदा कॉलेजात, अर्थशास्त्राच्या तासाला; आणि त्याच्याही आधी धारूरच्या एका गॅरेजात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. फीपुरते पैसे सुटावेत म्हणून अकरावीपासून मी गाड्यांच्या वायरिंगचे काम शिकू लागलो. उस्ताद म्हणायचे, "दिवा लागला नाही की लोक बल्ब बदलत्यात. आरं, वीज बॅटरीतून येती तशी तिला परत बी जावं लागतंय. यायची वाट समदे बघत्यात, जायची कोणी बघत नाही." ही जायची वाट म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. गॅरेजात त्यालाच अर्थ म्हणतात.

माझे आईवडील ऊस तोडतात. दसरा झाला की आमच्या बालाघाटाच्या डोंगरातली गावे ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी सहा-सहा महिने परमुलखात राबायचे. कॉलेजात मित्रांनी विचारले की मी मात्र सांगायचो, "वडील साखर कारखान्यावर असतात." हे खोटे नव्हते, पण खरे होते असेही म्हणवत नाही.

मागच्या डिसेंबरात चार दिवस सांगली जिल्ह्यात त्यांच्या तळावर गेलो होतो. दाजींचा ट्रॅक्टर तिथेच वाहतुकीला लावलेला. हंगामापूर्वीच त्याला लालभडक रंग दिला होता. रात्री नऊच्या सुमारास दोन ट्रॉल्या भरल्या. दाजी स्टेअरिंगवर, अण्णा मडगार्डवर. दिवे लावले तर डावा लख्ख, उजवा मिणमिणता! अप्पर करा की डिप्पर, त्याची मिणमिण तेवढीच.

दाजी म्हणाले, "चालतंय. एका दिव्यावर जाऊ हळूहळू."

माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे समोरची गाडी आपल्या उजव्या अंगाने जाते. नेमका तोच दिवा गेला, तर समोरच्याला वाटते, कडेने एखादी मोटारसायकल येते आहे. तो गाडी बिनधास्त पुढे घालतो. आणि इथे अण्णा उजव्याच मडगार्डवर बसलेले.

"अण्णा, जरा उतरा. मला बघू द्या."

आधी दोन्ही बल्बांची अदलाबदल केली. उजवा तसाच मंद. म्हणजे बल्ब चांगला. मग टेस्ट लॅम्पचे एक टोक उजव्या दिव्याकडे येणाऱ्या तारेला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावले. लॅम्प लख्ख पेटला. म्हणजे बारा व्होल्ट इथवर नीट येत होते. मग येणाऱ्या तारेचे टोक तसेच ठेवून दुसरे टोक त्या दिव्याच्या अर्थच्या तारेला लावले. लॅम्प पेटलाच नाही. उस्तादांचे शब्द आठवले. परतीची वाट तुटली होती. म्हणून वीज त्याच बल्बाच्या दुसऱ्या तंतूतून आणि पलीकडच्या दिव्यातून चोरवाटेने परतत होती, आणि त्या लांबच्या वाटेत तिचा जोर सरत होता.

अर्थची तार जिथे बोल्टने आवळली होती, तिथे तारेच्या चकतीखाली नव्या रंगाचा जाड थर होता. रंगातून वीज जात नाही.

"खरवडायला काही आहे का?"

अण्णांनी कमरेचा कोयता काढला. "तू बॅटरी धर, मी खरवडतो." कोयत्याच्या टोकाने त्यांनी रंग काढला. खालचे पांढरे लोखंड चमकले. बोल्ट आवळला, आणि उजवा दिवा भसकन पेटला. त्या उजेडात अण्णांचे हात दिसले. उसाच्या पात्याने चिरलेले, काळे पडलेले. ते हसत दाजींना म्हणाले, "बघा, कॉलेजात शिकतंय माझं पोरगं!"

हे मी कॉलेजात शिकलो नव्हतो. पण तसे सांगायला जीभ रेटली नाही. ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत मी दोन्ही दिव्यांचा उजेड पाहत उभा राहिलो. वरून चढवलेला रंग आठवत होता, आणि कॉलेजात मी दिलेले उत्तरही.

वाचकांना हे क्षुल्लक वाटेल. पण परत आल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी लिहिले : ऊसतोड कामगार. शेजारी बसलेल्या मित्राने ते वाचले. म्हणाला, "माझे पण."